क्रूसाला बिलगलेली ज्योत: एका बोधचिन्हाचा प्रकरण अभ्यास

काळा, सडपातळ क्रूस. त्याच्या डाव्या अंगाने वर चढणारी लाल ज्योत. तिच्या जिभा दोन, बुंधा मात्र एकच. अक्षरं नाहीत, वर्तुळ नाही, चौकट नाही. युनायटेड मेथडिस्ट चर्च या अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट पंथाचं हे बोधचिन्ह १९६८ पासून वापरात आहे. अमेरिकेतल्या हमरस्त्यांवरचे फलक, स्तोत्रसंग्रहांची वेष्टनं, पाळकांचे गळपट्टे, मुलांच्या शिबिरातले टी-शर्ट, सगळीकडे ते दिसतं. माजी सैनिकांच्या थडग्यांवर कोरण्यासाठी अमेरिकी सरकारने मान्य केलेल्या धार्मिक चिन्हांच्या यादीतही ते आहे.

२०२० मध्ये या चर्चच्या नॉर्थ टेक्सास कॉन्फरन्सने, म्हणजे डॅलस आणि आसपासच्या मंडळ्यांच्या (स्थानिक चर्चच्या) विभागीय सभेने, एक ठराव केला. हे चिन्ह बदलावं, अशी मागणी चर्चच्या सर्वोच्च सभेकडे पाठवायची, असा तो ठराव होता. त्याच वर्षी एका कृष्णवर्णीय पाळकाने हा प्रश्न जाहीर लेखातून मांडला होता. मुद्दा सरळ होता. ज्या देशात कू क्लक्स क्लान या हिंसक, गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढणाऱ्या संघटनेने जळत्या क्रूसाने कृष्णवर्णीयांना पिढ्यान् पिढ्या धमकावलं, तिथे क्रूस आणि आग एकत्र दाखवणारं चिन्ह काही माणसांना चर्चच्या दारातच थबकवतं.

मला हे प्रकरण दीर्घकाळ छळतं आहे, कारण यात खलनायक सापडत नाही. चिन्ह काढणाऱ्यांचा हेतू स्वच्छ होता. त्यावर प्रेम करणाऱ्यांचं प्रेम खरं आहे. आणि ते पाहून ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांची भीतीही तितकीच खरी आहे. तिघांच्या डोळ्यांसमोर चित्र मात्र एकच.

चिन्ह कसं घडलं

२३ एप्रिल १९६८ रोजी डॅलसमध्ये मेथडिस्ट चर्च आणि इव्हँजेलिकल युनायटेड ब्रदरन चर्च एकत्र आले आणि युनायटेड मेथडिस्ट चर्च जन्माला आलं. नव्या संस्थेला नवी ओळख हवी होती. एडविन मेनार्ड यांच्या देखरेखीखाली एडवर्ड मिकुला या चित्रकाराने काम हाती घेतलं. दोन डझनांहून जास्त कल्पना कागदावर उतरल्या, आणि त्यांतून क्रूस व ज्योत उरली.

अर्थाची मांडणी देखणी होती. क्रूस म्हणजे ख्रिस्त. ज्योत म्हणजे पवित्र आत्मा. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात पेन्टेकॉस्टच्या दिवशी शिष्यांवर अग्नीच्या जिभांसारख्या जिभा उतरल्या, ती ही आग. दोन जिभा म्हणजे एकत्र आलेली दोन चर्च. शिवाय मेथडिस्ट परंपरेतल्या प्रत्येकाला पाठ असलेली एक आठवण या ज्योतीला जोडलेली आहे. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका छोट्या सभेत मेथडिस्ट चळवळीचे प्रणेते जॉन वेस्ली बसले होते, आणि आपलं हृदय विलक्षण रीतीने उबदार झाल्याचं त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं. मेथडिस्ट माणसासाठी आग म्हणजे ही ऊब.

१९७१ मध्ये चिन्हाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. त्याच्या वापरावर देखरेख ठेवते ती चर्चची वित्त व प्रशासन परिषद. आकार बदलायचा नाही, त्यावर दुसरं काही चढवायचं नाही, असे नियम आले. २००१ पासून चर्चने एक मोठी जाहिरात मोहीम चालवली. तिचं घोषवाक्य होतं: खुली हृदयं, खुली मनं, खुली दारं. तेव्हापासून ज्योत आणि उघडं दार बऱ्याच लोकांना जोडीनेच भेटत आले.

आता त्या एप्रिल महिन्याकडे पुन्हा बघू. मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिलला झाली. डॅलसमधलं विलीनीकरण त्यानंतर एकोणीस दिवसांनी झालं. आणि त्या विलीनीकरणात एक जुनी जखम बांधली जात होती. गुलामगिरीच्या प्रश्नावर १८४४ मध्ये मेथडिस्ट चर्च उत्तर-दक्षिण असं दुभंगलं होतं. १९३९ मध्ये ते पुन्हा एक झालं, पण त्या एकीची किंमत कृष्णवर्णीय सदस्यांनी मोजली. त्यांच्या मंडळ्यांना ‘सेंट्रल ज्युरिस्डिक्शन’ नावाच्या वेगळ्या विभागात टाकण्यात आलं. बाकीचे विभाग भूगोलावर ठरले होते, हा एक वर्णावर. १९६८ च्या नव्या रचनेत तो रद्द झाला. म्हणजे ज्या वर्षी कृष्णवर्णीय मेथडिस्टांना ‘आता आपण एकाच घरात’ असं सांगितलं गेलं, त्याच वर्षी त्या घराच्या दारावर क्रूस आणि आग लागली. हेतू नव्हता, हे मी पुन्हा सांगतो. पण हेतू नव्हता एवढ्यावर हा विषय संपत असता, तर बावन्न वर्षांनी ठराव आला नसता.

दुसरी आग

जळत्या क्रूसाचा इतिहास अनेकांना वाटतो तितका जुना नाही. १८६५ मध्ये टेनेसीतल्या पुलास्कीत स्थापन झालेली पहिली क्लान क्रूस जाळत नव्हती. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात टोळ्यांना युद्धासाठी गोळा करायला पेटता क्रूस फिरवत. तिथून ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्लानचं उदात्तीकरण करणाऱ्या एका अमेरिकी कादंबरीत शिरली आणि त्या कादंबरीवरून निघालेल्या १९१५ च्या मूकपटाने ती देशभर पोचवली. त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगच्या रात्री विल्यम सिमन्स आणि त्याच्या साथीदारांनी जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर क्रूस पेटवून क्लानचं पुनरुज्जीवन केलं. सिमन्स पूर्वी मेथडिस्ट उपदेशक होता. हा तपशील मला सोडवत नाही.

त्यानंतरच्या दशकांत जळता क्रूस हा निरोप झाला. घरासमोर, शेतात, शाळेबाहेर. तुम्ही नको आहात, आणि पुढचा निरोप याहून वाईट असेल. एप्रिल १९६० मध्ये किंग यांच्या अटलांटातल्या घराच्या अंगणात क्रूस जाळला गेला. दुसऱ्या दिवशीचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: किंग तो जळका क्रूस जमिनीतून उपटत आहेत आणि शेजारी त्यांचा लहान मुलगा उभा आहे. त्या मुलाच्या पिढीतले लोक आज आजोबा-आजी आहेत. ही गोष्ट जिवंत माणसांच्या आठवणीतली आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयालाही या प्रतिमेशी झुंजावं लागलं. २००३ च्या ‘व्हर्जिनिया विरुद्ध ब्लॅक’ खटल्यात न्यायालयाने म्हटलं की धमकावण्याच्या हेतूने क्रूस जाळण्यावर राज्य बंदी घालू शकतं, कारण येऊ घातलेल्या हिंसेची खूण म्हणून या कृतीला दीर्घ आणि घातक इतिहास आहे. मात्र नुसता क्रूस जाळला म्हणजेच धमकीचा हेतू सिद्ध झाला असं धरून चालता येणार नाही, असंही ठरलं. संदर्भ पाहावा लागेल.

न्यायालयाला हे करता येतं. साक्षी असतात, युक्तिवाद असतात, महिनोन्‌महिने वेळ असतो. गाडीतून जाताना फलक दिसतो तो तीन-चार सेकंद. त्या अवधीत माणूस संदर्भ तपासत नाही. अंग आधी आकसतं, विचार मागून येतो.

या टप्प्यावर मराठी वाचकाला स्वस्तिक आठवेल. आपल्या उंबऱ्यावरचं मंगलचिन्ह युरोपात नाझींमुळे कसं काळवंडलं, हे आपल्याला ठाऊक आहे. पण ही तुलना इथे अर्धीच चालते. स्वस्तिक हजारो वर्षांचं आणि नाझी विसाव्या शतकातले, त्यामुळे ‘आमचं आधीचं आहे’ असं म्हणता येतं. मेथडिस्ट चिन्हाला ती सोय नाही. जळता क्रूस १९१५ चा, बोधचिन्ह १९६८ चं. ते काढलं गेलं तेव्हा दुसरा अर्थ आधीच त्रेपन्न वर्षांचा होता, आणि त्याच देशात, त्याच शहरांत, काही वेळा त्याच बाकांवर बसणाऱ्यांच्या घरांसमोर तो लिहिला गेला होता.

डोळा आधी काय वाचतो

बोधचिन्ह तीन थरांत पोचतं, असं मला वाटतं. पहिला थर आकार आणि रंग. इथला क्रूस ताठ, सरळ, काटकोनी, ज्योत वळणदार. गोलाईची रूपं माणसाला टोकदार रूपांपेक्षा जास्त आवडतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे, आणि या चिन्हातलं मार्दव त्या वळणातून येतं. चांगल्या छपाईत, जवळून, लाल-काळ्या दोन रंगांत पाहिलं तर ज्योत क्रूसाशेजारी आहे हे कळतं. ती त्याला जाळत नाही, सोबत करते. पण चिन्ह नेहमी असं भेटत नाही. झेरॉक्स काढलेल्या पत्रकावर एकच रंग उरतो आणि क्रूस-ज्योत यांच्यातली फट भरून जाते. रात्री मागून उजेड दिलेल्या फलकावर लाल रंग काळ्यावर मात करतो. लांबून बारकावा विरतो आणि ठसा एवढाच उरतो: क्रूस, आग.

दुसरा थर सवयीचा. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी योगायोगाने १९६८ मध्येच दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार दिसत राहिली तरी ती आवडू लागते. त्यांनी वापरलेले शब्द आणि अक्षरं सहभागींना निरर्थक होती. तरीही जे जास्त वेळा दिसलं, त्याचा अर्थ काहीतरी चांगला असेल असं लोकांना वाटलं. आता विचार करा, ज्या मुलाचा बाप्तिस्मा, शिबिर, आजोबांचा अंत्यविधी आणि स्वतःचं लग्न या चिन्हाच्या सोबतीने झालं, त्याला ते किती जवळचं असेल. तो त्याकडे ‘पाहत’ही नाही. घराच्या दाराकडे कुठे कोण रोज निरखून पाहतं? म्हणूनच कोणी त्यात भय दिसतं म्हटलं की त्याला आधी आश्चर्य वाटतं, मग दुखावल्यासारखं होतं. आपल्या आजोबांच्या अंत्यविधीवर कोणी आरोप केल्यासारखं.

तिसरा थर आठवणीचा. तो बाकीच्या दोघांना उलटवू शकतो. एकदा भयाशी जोडलेली प्रतिमा वारंवार दिसली म्हणून आवडू लागेलच असं नाही. दर वेळी तीच कळ पुन्हा उठू शकते.

या तिन्हींच्या नंतर, खूप नंतर, येतं ते स्पष्टीकरण. दोन जिभा म्हणजे दोन चर्च, ज्योत म्हणजे पेन्टेकॉस्ट. हे सगळं आत शिरल्यावर, पत्रक हातात पडल्यावर, पाळकाशी गप्पा झाल्यावर कळतं. ज्याला दारात धसका बसला, तो स्पष्टीकरणापर्यंत पोचतच नाही. संस्था आपल्या चिन्हाचा अर्थ सांगताना हा क्रम विसरतात असं मला वारंवार दिसतं. त्यांना अर्थ आधी ठाऊक असतो, म्हणून पाहणाऱ्यालाही तो आधीच ठाऊक असेल असं त्या धरून चालतात.

यातून आणखी एक अडचण निघते, आणि माझ्या मते या प्रकरणातली ती सर्वांत कळीची आहे. अमेरिकेतल्या या चर्चचे दर दहांतले नऊच्या आसपास सदस्य श्वेतवर्णीय आहेत. समजा एखाद्या मंडळीने सभेत विचारलं, ‘आपल्या चिन्हाने कोणाला त्रास होतो का?’ फार हात वर होणार नाहीत. ज्यांना त्रास झाला ते त्या सभागृहात आलेलेच नाहीत. आणि जे थोडे आले आहेत, त्यांना सगळ्यांच्या आवडत्या गोष्टीविरुद्ध एकट्याने हात वर करावा लागेल. त्या शांततेला संमती समजणं ही मोजणीचीच चूक आहे.

ज्यांना ते टिकवायचं आहे

त्यांची बाजू हलकी नाही आणि मी ती हलकी करणार नाही. पहिला मुद्दा: पवित्र आत्म्याची ज्योत क्लानच्या आधीची आहे, खूप आधीची. ती सोडून देणं म्हणजे द्वेष करणाऱ्यांना आपली प्रतिमा बहाल करणं. या युक्तिवादात एक ताठ कणा आहे, त्याचा मला आदर वाटतो. फक्त एवढं विचारावंसं वाटतं की प्रतिमा परत मिळवण्याचा त्रास कोण सोसणार? लढाई संस्थेची असेल आणि तिची कळ दर रविवारी त्याच लोकांना सोसावी लागत असेल, तर तो त्याग त्यांनी स्वतः निवडलेला असायला हवा. कृष्णवर्णीय सदस्यांची मतं या प्रश्नावर एकसारखी नाहीत, हेही इथे नोंदवलं पाहिजे. काहींना ज्योत हवी आहे. तो त्यांचा अधिकार आहे. इतरांनी त्यांच्या नावाने वापरायचा दाखला नव्हे.

दुसरा मुद्दा आफ्रिकेचा. या चर्चचे लाखो सदस्य काँगो, लायबेरिया, नायजेरिया, मोझांबिक अशा देशांत आहेत. त्यांच्या सामूहिक स्मृतीत क्लान नाही. तिथे हीच ज्योत निर्मळ आहे. एका देशाच्या जखमेमुळे सगळ्यांचं चिन्ह का बदलावं? हा प्रश्न मला खरोखर अवघड वाटतो, त्याला झटपट उत्तर माझ्याकडे नाही.

तिसरा मुद्दा खर्चाचा आणि जीव गुंतलेल्या वस्तूंचा. फलक, रंगीत काचांच्या खिडक्या, थडगी.

या तिसऱ्या मुद्द्यावर काळाने एक अनपेक्षित प्रकाश टाकला. समलिंगी व्यक्तींच्या विवाहावरून आणि पाळकपदाच्या दीक्षेवरून झालेल्या वादात २०१९ ते २०२३ या काळात अमेरिकेतल्या साडेसात हजारांहून जास्त मंडळ्या, साधारण एक चतुर्थांश, या चर्चमधून बाहेर पडल्या. बाहेर पडण्याच्या करारात अट होती की ‘युनायटेड मेथडिस्ट’ हे नाव आणि क्रूस-ज्योत वापरणं थांबवायचं. मग हजारो ठिकाणी तेच घडलं जे अशक्य म्हणून सांगितलं जात होतं. ज्योत उतरली, नवे फलक लागले. वादाचं कारण वेगळं होतं आणि अनेकांसाठी ते सारं फार दुःखाचं होतं. पण चिन्ह उतरवता येतं, आणि उतरवल्यावरही रविवारची उपासना होते, एवढं त्यातून दिसलं.

शेजारची दोन घरं

मेथडिस्ट कुळातलंच दुसरं बोधचिन्ह पाहा. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियातल्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये प्रार्थना करत असलेल्या कृष्णवर्णीयांना गुडघ्यांवरून उठवण्यात आलं, आणि रिचर्ड ॲलन आपल्या लोकांसह बाहेर पडले. त्यांनी एक जुनं लोहारशाळेचं लाकडी बांधकाम घोड्यांनी ओढून आणून आपल्या जागेवर बसवलं. १७९४ मध्ये तिथे बेथेल चर्च उभं राहिलं. १८१६ मध्ये त्यातून आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च संघटित झालं. त्यांचं चिन्ह: क्रूस आणि ऐरण.

लोहारशाळेत आगही असते, पण चिन्हात आली ती ऐरण, घाव सोसून न तुटणारी. हे चिन्ह समजावून सांगावं लागत नाही असं नाही. ऐरण का, हे बाहेरच्याला विचारावंच लागतं. पण ते पाहून कोणी दचकत नाही, आणि उत्तर मिळालं की त्यासोबत एका समाजाची अख्खी कहाणी मिळते. वेस्लींची ऊब दोन्ही घरांत आहे. फरक पडला तो कोणाच्या आठवणीतून चित्र निवडलं गेलं यामुळे.

दुसरं घर अगदी वेगळं. एप्रिल २०२० मध्ये लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी नवं चिन्ह जाहीर केलं: कमानीखाली उभा ख्रिस्त, थोरवाल्डसेन या शिल्पकाराच्या प्रसिद्ध पुतळ्यावरून घेतलेला. अध्यक्षांनी जाहीर केलं आणि ते लागू झालं. युनायटेड मेथडिस्टांमध्ये असा एक माणूस नाही. तिथे निर्णय जनरल कॉन्फरन्स ही सर्वोच्च सभा घेते, जी साधारण चार वर्षांनी भरते. २०२० ची सभा महामारीमुळे पुढे जात जात शेवटी २०२४ मध्ये शार्लट इथे भरली. त्या सभेनंतरही फलकांवर तीच ज्योत आहे.

माझं मत

चिन्ह बदलावं, असं मला वाटतं. थडग्यांवरचं, खिडक्यांतलं, कोणाच्या दंडावर गोंदलेलं राहू द्यावं. ते त्या त्या माणसांचं आहे. नव्या फलकावर मात्र नवं काढावं.

आणि ज्योत सोडावी लागेल असंही नाही. पेन्टेकॉस्टचा तो अध्याय पुन्हा वाचला की एक गोष्ट लक्षात येते: त्यात क्रूसाशेजारी आग कुठेच नाही. एका घरात माणसं बसली आहेत आणि जिभा त्या माणसांवर उतरतात, प्रत्येकावर एकेक. मग बाहेर जमलेल्या परक्या देशांतल्या लोकांना आपापल्या भाषेत बोलणं ऐकू येतं. १९६८ मध्ये रेखाटनासाठी त्या प्रसंगातली आग घेतली आणि माणसं गाळली. क्रूस एकीकडे मोकळा ठेवून ज्योती माणसांच्या डोक्यांवर नेल्या, तर वेस्लींची ऊब राहील, पेन्टेकॉस्ट राहील, आणि झेरॉक्सवरही त्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळणार नाहीत. असे दोन-तीन आराखडे करावेत. नाव झाकून, रस्त्याच्या पलीकडून, संध्याकाळच्या उजेडात, आधी अशा लोकांना दाखवावेत जे आजवर आत आलेले नाहीत. ‘काय दिसतं?’ एवढंच विचारावं, आणि जे उत्तर येईल ते समजावणी न देता लिहून घ्यावं.